वैमानिकाच्या मांडीवरची पाटी

गोंदियाजवळच्या बिरसी येथील धावपट्टी इंग्रज सरकारने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. युद्ध संपले आणि पुढची कित्येक दशके तिच्यावर फारशी वर्दळ राहिली नाही. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरण व कॅनडाची सीएई कंपनी यांच्या सहभागाने तेथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि धानाच्या बांध्यांवरून छोटी विमाने घिरट्या घालू लागली. देशाच्या कानाकोपऱ्यातली मुले-मुली वैमानिकी शिकण्यासाठी या जिल्ह्यात येतात. त्यामुळे वैमानिकाच्या शिक्षणाचा प्रश्न हा मुंबई-दिल्लीपुरता नाही, तो आपल्याही दाराशी आलेला आहे.

या शिक्षणात अलीकडे एका नव्या वस्तूने प्रवेश केला आहे. टॅब्लेट हे तिचे नाव. ‘पाटी’ हा तिला मराठीत अगदी नेमका शब्द. आणि वैमानिक ती पट्ट्याने मांडीला बांधून बसतो तेव्हा तर बिगरीतल्या विद्यार्थ्याचीच आठवण व्हावी! नकाशे, हवामान, धावपट्ट्यांचे आराखडे, इंधनाचा हिशेब, विमानाच्या वजनाचा तोल हे सारे या पाटीवरच्या अ‍ॅपमध्ये सामावते.

हिच्यामुळे झालेली सोय नाकारणे दुराग्रहाचे होईल. एल्रे जेपसन या अमेरिकन वैमानिकाने स्वतःच्या वहीतल्या टिपणांचा धंदा १९३४ मध्ये सुरू केला, तेव्हापासून विमानतळांचे कागदी तक्ते वैमानिकांच्या पाठीस लागले. ठरावीक काळाने दुरुस्त्या यायच्या आणि जुनी पाने काढून नवी घालत बसावे लागे. एक पान राहिले तर वैमानिक जुन्या माहितीवर उतरणार. सुमारे १६ किलोंची ही बॅग अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ मध्ये आपल्या विमानांतून काढून टाकली व तिच्या जागी टॅब्लेट आणला. वजन घटले, इंधन वाचले, चुकीचे पान राहण्याची भीतीही पुष्कळशी गेली.

मात्र २८ एप्रिल २०१५ रोजी याच कंपनीची काही डझन विमाने जमिनीवर खोळंबली. वॉशिंग्टनच्या विमानतळाचा एक नकाशा अ‍ॅपमध्ये दोनदा गेला होता, तेवढ्याने ते बंद पडू लागले. विमाने जमिनीवर होती म्हणून गोष्ट विलंबावर भागली. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. आयपॅड ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात वापरावा, असे तो बनवणारी कंपनीच सांगते. वैशाखात विदर्भाचा पारा ४५ अंशांकडे झुकतो आणि छोट्या विमानाच्या काचेच्या छताखाली त्याहून अधिक तापते. पाटी तापून काळी पडली तर नेमके काय करायचे, हे विद्यार्थ्याला उड्डाणापूर्वीच ठाऊक असले पाहिजे.

तथापि बंद पडलेले यंत्र निदान बंद पडल्याचे कळते. खरा धोका आहे तो व्यवस्थित चालणाऱ्या यंत्राचा. १४ ऑक्टोबर २००४ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स येथे एमके एअरलाइन्सचे मालवाहू बोइंग ७४७ उडता उडता कोसळले आणि सातही कर्मचारी मृत्युमुखी पडले. उड्डाणाची गती काढताना संगणकात आधीच्या उड्डाणाचे, म्हणजे शंभराहून अधिक टनांनी कमी, वजन राहून गेले असावे, असा निष्कर्ष तपासात निघाला. २० मार्च २००९ रोजी मेलबर्नला एमिरेट्सच्या विमानाचे वजन ३६२ टनांऐवजी २६२ टन असे भरले गेले. शेपटी धावपट्टीवर घासली. आतले २७५ जीव थोडक्यात वाचले. दोन्ही वेळी यंत्राने दिलेल्या आकड्यांचे गणित अचूक केले. आकडाच अशक्य आहे, असे म्हणणे त्याचे काम नव्हते.

ते काम अदमासाचे आहे. पाढे पाठ असलेला विद्यार्थी उत्तर येण्याआधीच ते किती असावे हे जाणतो. मुरलेल्या कारकुनाला खतावणीतले एक शून्य वाढले की बेरीज करण्यापूर्वीच खटकते. वैमानिकाला हा अदमास कोठून यावा? गोंदिया जंक्शनहून नागपूर, दुर्ग, बालाघाट आणि चांदा फोर्ट या चार दिशांना रेल्वेमार्ग जातात. घड्याळ, होकायंत्र आणि कागदी नकाशा घेऊन उडालेल्या मुलाला असे जंक्शन म्हणजे आकाशातून दिसणारा मैलाचा दगडच. इतक्या मिनिटांनी वैनगंगा यावी, असे त्याने आधी मांडलेले असते. ती आली नाही तर तो सावध होतो. पाटीवरचा ठिपका पाहत जाणारा नदी शोधतच नाही. आणि तो ठिपका खोटाही असू शकतो. उपग्रहांच्या संकेतांमध्ये होणाऱ्या ढवळाढवळीबद्दल नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचना काढावी लागली.

पाटीचा नकाशा तरी परिपूर्ण असतो काय? २६ एप्रिल २०१७ रोजी बिरसीहून निघालेले शिकाऊ विमान मध्य प्रदेशच्या सीमेवर वैनगंगेच्या पात्रात कोसळले व प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही गेले. नदीवरून आडव्या गेलेल्या तारेला विमान अडकल्याचे त्या वेळच्या वृत्तांत आले होते. त्या अपघाताशी टॅब्लेटचा संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु अशा तारा कोणीतरी नोंदवल्याखेरीज कागदावर येत नाहीत आणि अ‍ॅपमध्येही येत नाहीत, एवढे त्यावरून ध्यानात घ्यावे.

पुढे नोकरीत ही पाटी वापरावीच लागणार, म्हणून ती शिकवलीच पाहिजे. प्रश्न क्रमाचा आहे. विद्यार्थ्याची पहिली दूरची उड्डाणे कागदी नकाशावर व्हावीत, पाटी बॅगेत राहावी आणि इंधन व वजनाचा हिशेब त्याने आधी हाताने मांडून मग यंत्राशी ताडून पाहावा. दुसरे काम जिल्हा प्रशासनाचे आहे. गोंदिया, भंडारा व बालाघाट या तिन्ही जिल्ह्यांतील नद्यांवरच्या तारा, विजेचे उंच मनोरे आणि मोबाइलचे खांब यांची यादी पाटबंधारे व वीज खात्यांकडून गोळा करून दरवर्षी पावसाळा संपताच बिरसीला पोचती केली पाहिजे. बालाघाट दुसऱ्या राज्यात आहे, ही सबब येथे चालू नये. शिकाऊ विमाने ती सीमा रोज ओलांडतात.