जाहिरातीवरचा संताप आणि तक्रारीची वाट

जानेवारी 2020 मध्ये निरमा धुलाई पावडरच्या एका टीव्ही जाहिरातीवरून महाराष्ट्रात संतापाची लाट उठली. अक्षय कुमार तीत मराठा राजाच्या वेशात होता. लढाई जिंकून फौज परतते, मळलेले कपडे पाहून बायका कुरकुरतात आणि मग राजा व त्याचे सैनिक स्वतःच नाचत-बागडत कपडे धुवायला लागतात. ही मावळ्यांच्या पराक्रमाची टिंगल आहे, असे म्हणत समाजमाध्यमांवर बहिष्काराची हाक दिली गेली, मुंबईतील वरळी पोलीस ठाण्यात तक्रारही झाली. ज्या समाजात शिवकाळ घरोघरी जिवंत आहे, तिथे त्या वेशातली माणसे पाहून कोणाची आठवण होणार, हे सांगावे लागत नाही. आपले कपडे पुरुषांनी आपणच धुवावेत, हा जाहिरातीतला विचार खरे तर चांगला होता. गोंधळात त्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही.

दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या 1 जानेवारी 1976 पासून. सिनेमा माणूस तिकीट काढून पाहतो. जाहिरात मात्र न बोलावता घरात येते, आजीपासून नातवापर्यंत सगळे बसलेले असताना येते आणि दिवसातून अनेकदा येते. मुंबईत बनलेली जाहिरात बीदर जिल्ह्यात औराद तालुक्यातल्या चिंताकीत त्याच दिवशी दिसते. मराठी आणि कन्नड दोन्ही वाहिन्या पाहणाऱ्या या सीमाभागात कधी कधी तीच जाहिरात दोन भाषांत ऐकू येते. एका गावी हसू आणणारी गोष्ट दुसऱ्या गावी मनाला लागते, ती यामुळेच.

कायद्याची चौकट जुनी आहे. केबल टीव्हीच्या 1994 च्या नियमांतील सातव्या नियमात जाहिरात संहिता दिली आहे. जाहिरातीने सभ्यता सोडू नये, धार्मिक भावना दुखवू नयेत, वंश, जात, वर्ण यांची हेटाळणी करू नये, स्त्रीला दबलेली, दुय्यम दाखवू नये, असे ती सांगते. त्याआधी 1985 मध्ये जाहिरात क्षेत्राने स्वतःच मुंबईत भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे ‘ॲस्की’ स्थापन केली होती. 2006 पासून या परिषदेची संहिता मोडणारी जाहिरात केबलवर दाखवता येत नाही.

म्हणजे वर्णावरून हिणवणे नियमाने आधीच निषिद्ध होते. तरीही रंग उजळला की नोकरी मिळते, लग्न जमते, असे सांगणाऱ्या जाहिराती वर्षानुवर्षे चालल्या. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने फेअर अँड लव्हलीच्या जाहिरातींविरुद्ध मोहीम उघडली, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापर्यंत तक्रार नेली, तेव्हा कुठे 2003 मध्ये त्यांतल्या काही जाहिराती मागे घेतल्या गेल्या. गोरेपणाच्या जाहिरातींसाठी ॲस्कीने वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली ती 2014 मध्ये, आणि क्रीमच्या नावातून ‘फेअर’ गेले ते 2020 मध्ये. या काळात किती सावळ्या मुलींनी आरशासमोर स्वतःला कमी लेखले असेल! त्यांच्या दुखावण्यावरून पोलीस ठाण्यासमोर गर्दी झाली नाही.

जमावाच्या रागाला मात्र उत्तर तात्काळ मिळते. ऑक्टोबर 2020 मध्ये तनिष्कने हिंदू सुनेचे डोहाळजेवण मुस्लिम सासरी होताना दाखवले. बहिष्काराची मोहीम पेटली आणि कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचेही कारण देत कंपनीने जाहिरात मागे घेतली. तक्रार ॲस्कीकडेही गेली होती. जाहिरातीत आक्षेपार्ह काही नाही, असा एकमताचा निर्वाळा परिषदेच्या समितीने दिला, पण तोवर जाहिरात पडद्यावरून गेली होती. निर्दोष ठरलेली गोष्ट भीतीपोटी काढावी लागणे हा तक्रार-व्यवस्थेचा पराभव आहे.

संताप नेहमी चुकीचाच असतो, असे नाही. जून 2022 मध्ये लेयर शॉट या सुगंधी फवाऱ्याच्या जाहिरातींत एका मुलीची सामूहिक बलात्काराच्या भीतीने उडालेली गाळण विनोद म्हणून दाखवली होती. लोक खवळले, ॲस्कीने चौकशी होईपर्यंत जाहिरात थांबवायला सांगितले आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाने ट्विटर व यूट्यूबला ती काढण्याचे आदेश दिले. पुढच्या वर्षी झोमॅटोने ‘लगान’मधल्या कचरा या दलित पात्राला दिवा, टेबल अशा टाकाऊतून केलेल्या वस्तूंच्या रूपात दाखवले, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने त्यावर नोटीस काढली. या दोन्ही वेळा राग माणसाच्या अप्रतिष्ठेवर होता आणि तो रास्त होता.

पोलीस तक्रारीचा मार्ग मात्र लांबचा आहे. टफ बुटांच्या छापील जाहिरातीवरून मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांच्यावर 1995 मध्ये मुंबईत झालेला खटला 2009 पर्यंत रेंगाळला आणि शेवटी ते सुटले.

ॲस्कीकडे तक्रार करायला पैसे लागत नाहीत. वाहिनी, तारीख, वेळ, उत्पादनाचे नाव आणि नेमका आक्षेप कळवला की पुरते. 2021 मध्ये केबल नियमांत दुरुस्ती होऊन तीन पायऱ्यांची पद्धत आली: आधी वाहिनी, मग स्वनियमन संस्था, शेवटी केंद्र सरकार. शिवाय केबल कायद्याने जिल्हाधिकारी आणि उपविभागीय दंडाधिकारी यांना संहिताभंग करणारे प्रक्षेपण केबलचालकाकडे थांबवण्याचा अधिकार दिला आहे. चिंताकीच्या प्रेक्षकासाठी ते जिल्हाधिकारी कार्यालय बीदरला आहे.