डँडेलियनच्या पंगतीतला तरोटा

युरोपातील कुरणांत आणि रस्त्यांच्या कडेला आपोआप उगवणारी डँडेलियन ही पिवळ्या फुलाची वनस्पती पान तोडताच पांढरा चीक सोडते आणि तिच्या दातेरी पानांवरून तिला फ्रेंच भाषेत ‘सिंहाचा दात’ अशा अर्थाचे नाव मिळाले. कोवळी कडवट पाने कच्ची किंवा शिजवून खाणे, भाजलेल्या मुळांची पूड कॉफीऐवजी उकळणे आणि लघवी साफ होण्यासाठी पानांचा काढा घेणे, असे तिचे उपयोग तेथे जुने आहेत. भारतात ती हिमालयाच्या थंड पट्ट्यात वाढते; काश्मीरमध्ये ‘हंद’ या नावाने तिची भाजी होते व ती बाळंतिणीला आवर्जून दिली जाते. महाराष्ट्रात भाकरीबरोबर कच्ची खाल्ली जाणारी पाथरी तिच्याच, म्हणजे सूर्यफुलाच्या, कुळातली आहे. छत्तीसगडच्या उष्ण मैदानात, भिलाईलगतच्या जुनवानीसारख्या ठिकाणी, तण हेच अन्न आणि तेच औषध हे नाते मात्र वेगळ्या कुळातल्या एका रोपाने सांभाळले आहे.

छत्तीसगढीत त्याला चरोटा म्हणतात. विदर्भातला तरोटा आणि कोकणातला टाकळा तो हाच, बहावा व तरवड यांचा नातलग. भिलाई ज्यात येते तो दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता आणि पुढे पोलाद कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातील अनेक कुटुंबे भिलाईत स्थिरावली, त्यामुळे चरोटा आणि तरोटा या शब्दांतील अंतर तेथील मराठी माणसाला एका अक्षराएवढेच वाटावे.

पहिल्या पावसानंतर भाठा जमिनीवर, म्हणजे उंचवट्याच्या मुरमाड पडीत रानावर, चरोट्याची रोपे दाटीने वर येतात. त्याची पाने तीन जोड्यांची, टोकाशी गोलसर असून सायंकाळी मिटतात. भाजीसाठी फुलोऱ्यापूर्वीचे कोवळे शेंडेच खुडावे लागतात, कारण पुढे पान राठ होते व त्याचा उग्र वास वाढतो. विदर्भात ती डाळ आणि लसणाची फोडणी घालून करतात, कोकणात कांदा व ओले खोबरे घालतात, तर छत्तीसगडमध्ये पाने वाळवून ‘सुक्सा’ म्हणून पावसाळ्यापलीकडेही ठेवतात. शेतातला भाजीपाला अजून हाती आलेला नसतो त्या आषाढात विनामोल मिळणारी ही हिरवी पाने गरिबाच्या ताटाला मोठा आधार देत आली आहेत, आणि त्यांना केवळ चवीची हौस समजणे अन्यायाचे ठरेल.

संस्कृतात या रोपाला चक्रमर्द व दद्रुघ्न अशी नावे असून दद्रू म्हणजे गजकर्ण. बियांचा लेप त्यावर लावण्याच्या रूढीला आधार आहे, कारण त्यांतील क्रायसोफॅनॉल नावाचे द्रव्य बुरशीला रोखते. याच द्रव्याच्या गटातील इतर घटक पोट साफ करतात, म्हणून भाजी अति खाल्ल्यास जुलाब होतात. डँडेलियनच्या मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या, गुणाची २००९ साली अवघ्या १७ माणसांवर प्राथमिक चाचणी झाली होती. एवढ्या तोकड्या पुराव्यावर कोणत्याही रानभाजीला मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या आजाराचे औषध म्हणणे धोक्याचे आहे.

त्याहून मोठा धोका ओळखीच्या चुकीचा आहे. चरोट्याचा जवळचा नातलग कासविंदा याची पाने अधिक जोड्यांची व टोकदार असतात, आणि त्याच्या बिया मुलांच्या जिवावर बेतू शकतात. छत्तीसगडला लागून असलेल्या ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यात २०१६ साली शंभराच्या आसपास बालके मेंदूच्या विकाराने दगावली, तेव्हा त्यांतील अनेक मृत्यूंचा संबंध तज्ज्ञांनी तेथे ‘बण चाकुंडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच रोपाशी जोडला.

जुनवानीत आता महाविद्यालये, रुग्णालय आणि वसाहती उभ्या आहेत. भाठा जमीन घटली असली तरी मोकळ्या भूखंडांवर व रस्त्याकडेला चरोटा अजून उगवतो. नाल्याच्या सांडपाण्यावर किंवा वाहनांच्या धुरात वाढलेली पाने खाण्याजोगी नसतात, म्हणून जुनी जाण असलेल्यांना भाजीसाठी गावापासून लांबचे रान शोधावे लागते. भाद्रपदानंतर शेंगा लांबतात, वाळल्यावर त्यांतील चकचकीत तपकिरी बिया गोळा करून लघु वनोपज म्हणून विकल्या जातात, आणि भाजलेल्या बियांची पूड, डँडेलियनच्या मुळांसारखीच, कॉफीच्या जागी उकळली जाते.