ओळखीचं हसू

पडद्यावर माणूस नुसता दारातून आत आला होता. अजून एक अक्षर बोलला नव्हता. काळी टोपी, भांबावलेले डोळे, बस्स, एवढंच. आणि सगळं थिएटर खदखदा हसायला लागलं. मी बाजूला बसलेल्या आतेभावाला कोपर मारून विचारलं, "हा कोण?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गांधीजी कोण म्हणून विचारलं होतं.

पुण्यातलं थिएटर, दुपारचा खेळ, १९८० सालचा उन्हाळा. चित्रपट होता आदल्या वर्षीचा, 'चिमणराव गुंड्याभाऊ'. मुंबई दूरदर्शनवर १९७७ पासून गाजलेल्या मालिकेतले चिमणराव आणि गुंड्याभाऊ, म्हणजे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे, विनय धुमाळे यांच्या दिग्दर्शनाखाली मोठ्या पडद्यावर आले होते. मालिका केली होती विजया जोगळेकर-धुमाळे आणि याकूब सईद यांनी. छोट्या पडद्यावरचं हसू मोठ्या पडद्यावर न्यायचं, हा खटाटोप आपल्याकडे मराठीत इतक्या लवकर होऊन गेलेला आहे, हे आज किती जणांच्या लक्षात असेल कोण जाणे.

आतेभावाची चूक नव्हती. तो पुण्याचा. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यातही चित्रं दिसू लागली. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूरचे. तालुक्याचं नाव केळापूर, कचेरी मात्र पांढरकवड्यात, हा आमच्याकडचा कायमचा विनोद. परगावच्या माणसाला पत्ता सांगताना पाच मिनिटं त्यातच जातात. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा मोठा रस्ता दारावरून जातो, नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला माणसांची रीघ लागते, कापसाच्या हंगामात गाड्यांची रांग हलत नाही. पण त्या काळात मुंबईच्या मनोऱ्यावरून निघालेला चिमणराव काही आमच्यापर्यंत पोचत नव्हता. पुण्याहून सुट्टीत येणारा हा आतेभाऊ ओसरीवर उभा राहून दोघांच्या नकला करायचा, गुंड्याभाऊच्या सोट्याऐवजी घरातली दांडी आपटायचा, आणि आम्ही भावंडं नुसती बघत राहायचो. नक्कल समजायची तर मूळ माणूस पाहिलेला असावा लागतो.

त्या दिवशी थिएटरात आमची एकच रांग होती, पण चिमणराव चार होते. आतेभावाचा आणि आत्याचा चिमणराव दूरदर्शनवरचा. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्यांनी 'चिमणरावांचे चऱ्हाट' शाळेच्या कपाटातून आणून कितीदा वाचलेलं. त्यांचा चिमणराव पुस्तकातला, ज्याला चेहराच नव्हता, नुसता आवाज होता. माझा चिमणराव तर त्याच दिवशी, त्याच क्षणी जन्माला आलेला. आणि आजी! ती थोडा वेळ पडद्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली आणि आत्याला मोठ्यानं म्हणाली, "अवं, तो त तिरया होता ना!" पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून पाहू लागली. आजीचा चिमणराव म्हणजे दामूअण्णा मालवणकर. १९४० साली मास्टर विनायकांनी 'लग्न पहावे करून' काढला, त्यात तिरळ्या नजरेचे दामूअण्णा चिमणराव झाले होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दोन वर्षांनी 'सरकारी पाहुणे' आला, त्यातही तीच जोडी. आजीने माहेरी असताना तो चिमणराव पाहिला होता, आणि चाळीस वर्षं तोच तिच्या डोक्यात होता.

म्हणजे क्रम असा की चिमणराव आधी गोष्टीत, मग सिनेमात, मग दूरदर्शनवर, आणि पुन्हा सिनेमात. चिं. वि. जोशी (१८९२ ते १९६३) हे बडोद्याला पाली भाषा शिकवणारे विद्वान. जातककथा आणि बुद्धचरित्र यांत रमलेल्या माणसाने पुण्याच्या एका सामान्य कारकुनाच्या तोंडून महाराष्ट्राला हसवलं. तोंडून हा शब्द इथे महत्त्वाचा. त्या गोष्टी चिमणराव स्वतः सांगतो. आपली फजिती तो आपल्याच तोंडाने, आपलं काहीच चुकलं नाही अशा थाटात सांगतो, आणि हसू त्या थाटाचं असतं. पडद्यावर हा सांगणारा हरवतो, उरते ती नुसती फजिती. प्रभावळकरांनी त्या हरवलेल्या आवाजाच्या जागी आपला चेहरा ठेवला. मालिकेत ते चाललं, कारण भागामागून भाग तोच चेहरा घरात येत होता. काऊ, मोरू, मैना, राघू ही शेजारच्या बिऱ्हाडातली माणसं झाली होती. शेजाऱ्याच्या स्वभावाची कोणी आपल्याला ओळख करून द्यावी लागत नाही. तो जिना चढायला लागला की आपण ओठ दाबून हसायला तयार असतो.

आणि अडचण नेमकी इथेच आहे. मालिकेतलं हसू हे ओळखीचं हसू असतं. सिनेमाला तिकीट काढून आलेल्यांत ओळखीचे असतात, तसेच माझ्यासारखे केळापूरचेही असतात. ओळखीच्यांसाठी पुन्हा ओळख करून देत बसलं तर ते जांभया देतात; न करून दिली तर आमच्यासारखे विचारतात, हा कोण? दुसरी अडचण वेळेची. अर्ध्या तासाच्या भागात माणूस शेवटी होता तिथेच परत येतो, पुढच्या वेळी नव्याने फजित व्हायला मोकळा. दोन तासांच्या चित्रपटात मात्र माणसाला कुठेतरी पोचावं लागतं. पोचला, बदलला, शहाणा झाला, की तो आपला राहत नाही!

यावर जगभर एक सोपी युक्ती निघाली: सगळ्यांना सहलीला पाठवायचं. सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये लोकप्रिय विनोदी मालिकांचे चित्रपट करायची लाटच आली होती. भुताटकीच्या चित्रपटांसाठी नावाजलेल्या हॅमर कंपनीने 'ऑन द बसेस' या बस कर्मचाऱ्यांच्या मालिकेवर १९७१ मध्ये चित्रपट काढला, तो इतका चालला की पाठोपाठ आणखी दोन काढले. त्यातल्या तिसऱ्यात मंडळी सुट्टीच्या गावी. 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?' मधले कापडदुकानातले विक्रेते १९७७ च्या चित्रपटात दुकान सोडून स्पेनला. मिस्टर बीन १९९७ मध्ये अमेरिकेला आणि २००७ मध्ये फ्रान्सला. मला या युक्तीचा मनापासून कंटाळा आहे. दुकानातले लोक दुकानात विनोदी असतात. समुद्रकिनाऱ्यावर ते इतर कोणाहीसारखेच उघडे असतात.

आपल्याकडे मुंबईत झालेले अलीकडचे दोन प्रयोग यापेक्षा विचार करायला लावणारे आहेत. 'खिचडी' ही आतिश कपाडिया आणि जे. डी. मजेठिया यांची गुजराती पारेख कुटुंबाची मालिका २००२ पासून घराघरांत होती; तिचा चित्रपट २०१० मध्ये आला. या मंडळींनी सुधारायचं साफ नाकारलं. हिमांशूच्या प्रेमप्रकरणाचं एक कथानक आहे, पण ते खुंटीसारखं. त्यावर प्रत्येकाने आपापला वेडेपणा टांगायचा. हंसाने शब्दाचा अर्थ विचारायचा, प्रफुल्लने तो ठाम चुकीचा सांगायचा, बाबूजींनी कपाळाला हात लावायचा. मात्र जयश्रीच्या भूमिकेत वंदना पाठक नव्हत्या, निमिषा वखारिया होत्या. आमच्या घरी हा चित्रपट टीव्हीवर लागला तेव्हा बायको पहिल्या पाचव्या मिनिटाला म्हणाली, "ही आपली जयश्री नाही." आजीचं 'तिरया' आठवून मी एकटाच हसलो. २०२३ च्या दुसऱ्या चित्रपटात वंदना पाठक परत आल्या, पण कुटुंब मात्र पांथुकिस्तान नावाच्या काल्पनिक देशात गेलं. म्हणजे शेवटी सहल निघालीच!

दुसरा प्रयोग 'ऑफिस ऑफिस'चा. राजीव मेहरांच्या या मालिकेत पंकज कपूर यांचे मुसद्दीलाल दर वेळी नव्या कचेरीत जायचे आणि टेबलांमागे मात्र तीच माणसं भेटायची: मनोज पाहवा, संजय मिश्रा, देवेन भोजानी, हेमंत पांडे आणि आपल्या आसावरी जोशी. २०११ मध्ये 'चला मुसद्दी... ऑफिस ऑफिस' आला. मुसद्दीलाल बायकोच्या अस्थी विसर्जित करायला तीर्थयात्रेला जातात आणि परत येऊन पाहतात तर पेन्शनच्या कागदांवर ते मेलेले. जिवंत असल्याचं सिद्ध करा! चित्रपट ठिकठिकाणी रेंगाळतो, उपदेशही करतो. पण अर्ध्या तासात न मिटणारं एक संकट त्यांनी शोधलं, हे मी मोठं मानतो. ओळखीच्याला ते कळतं आणि अनोळख्यालाही.

आमच्या घरी तर फारच कळलं. निवृत्त मास्तरांनी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. एका वर्षी एका कचेरीच्या यादीत वडिलांच्या नावापुढे चुकीची खूण झाली आणि चार महिने पेन्शन थांबलं. वडील समोर उभे, कारकून यादीत बघतोय. त्या चार महिन्यांत वाण्याची उधारी झाली, औषधं मोजून घेतली. नंतर हा चित्रपट टीव्हीवर लागला तेव्हा आम्ही सगळे हसत होतो, वडील हसले नाहीत. संपल्यावर एवढंच म्हणाले, "याला चिमणरावाने स्वतः सांगायला हवं होतं." मी त्यावर बराच विचार केला. चार महिन्यांची ती हकीकत पुढे वडील पाहुण्यांना सांगत, ती अगदी चिमणरावाच्या थाटात. आपण मेलो ही आपलीच काहीतरी नजरचूक असावी, अशा नम्रपणे.

आमच्या गच्चीवर अँटेना चढली ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, देशभर लघुशक्ती प्रक्षेपक बसू लागले तेव्हा. तोवर चिमणराव संपले होते. दिल्लीहून 'हम लोग' आलं, आम्ही ते भक्तिभावाने पाहिलं. पुढे प्रभावळकरांना आम्ही तात्या विंचू म्हणून पाहिलं, 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी म्हणून पाहिलं, २००१ मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे'त आबा म्हणून तर रोजच्या ताटाइतकं पाहिलं. त्या टिपऱ्यांचा कोणी सिनेमा केला नाही, याचं मला बरंच वाटतं.

बाळ कर्वे ऑगस्ट २०२५ मध्ये गेले, ९५ वर्षांचे होऊन. मुंबई महापालिकेतली नोकरी सांभाळून नाटकं केलेला माणूस, पण बातमीत सगळीकडे एकच नाव: गुंड्याभाऊ. संध्याकाळी आतेभावाचा पुण्याहून फोन आला. बराच वेळ मालिकेतले प्रसंग सांगत होता, हे आठवतं का, ते आठवतं का. मी हो हो म्हणत राहिलो. शेवटी त्याच्या लक्षात आलं.

"अरे, तू तर एकही भाग पाहिलेला नाहीस!"

"नाही," मी म्हटलं. "पण तुझी नक्कल पाहिली आहे."

तो हसला, आणि पलीकडून फोनवर काहीतरी दाणकन आपटल्याचा आवाज आला.