तिन्हींपैकी दोनच

१६ सप्टेंबर १९९२. बँक ऑफ इंग्लंडने सकाळी व्याजदर १० टक्क्यांवरून १२ वर नेला आणि दुपारी उद्यापासून १५ करणार म्हणून जाहीर केलं. गंगाजळीतलं परकीय चलन ओतून पौंडाची खरेदी चाललीच होती. तरी पौंड वर येईना! संध्याकाळी अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट यांनी हात टेकले. युरोपच्या विनिमयदर यंत्रणेतून ब्रिटन बाहेर पडला. जॉर्ज सोरोस यांनी त्या पडझडीत सुमारे एक अब्ज डॉलर कमावले, म्हणून खलनायक तेच ठरले. मला मात्र सोरोसपेक्षा त्यामागचं गणित जास्त थक्क करतं.

या यंत्रणेत पौंड जर्मन मार्कला बांधलेला होता; २.७७८ मार्कांच्या खाली त्याला जाऊ द्यायचं नव्हतं. तिकडे एकीकरणानंतर जर्मनीत सरकारी खर्च वाढला, महागाई वाढली आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेने, बुंडेसबँकेने, व्याजदर चढवले. इकडे ब्रिटन मंदीत, म्हणजे त्याला हवं होतं स्वस्त कर्ज. पण व्याज उतरवावं, तर पैसा जास्त व्याजाच्या जर्मनीकडे पळणार. त्याला अडवणारं कुंपण नव्हतंच. पैसा पळाला की पौंड विकले जाणार, आणि ते विकत घ्यायला गंगाजळी लागणार. तिला तळ असतो, हे बाजाराला पक्कं ठाऊक होतं.

रॉबर्ट मंडेल आणि मार्कस फ्लेमिंग या दोघा अर्थतज्ज्ञांच्या लिखाणात हा पेच तीस वर्षं आधीच, १९६२-६३ मध्ये, उलगडला होता. स्थिर विनिमयदर, भांडवलाला मोकळी वाट आणि स्वतःच्या सोयीचा व्याजदर, या तिन्हींपैकी कुठल्याही देशाला दोनच मिळतात. शहाणपण, शिस्त, देशाभिमान, कशानेही तिसरं पदरात पडत नाही. एवढा साधा तर्क, आणि त्यापुढे एका दिवसात साम्राज्याची जुनी बँक हरते!

कुठली दोन घ्यायची, हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो. अमेरिकेने डॉलरचा दर बाजारावर सोडला. हाँगकाँगने १९८३ मध्ये आपला डॉलर अमेरिकी डॉलरला बांधला, दारंही उघडी ठेवली; त्यामुळे तिथलं व्याज प्रत्यक्षात वॉशिंग्टनमध्ये ठरतं. आपली रिझर्व्ह बँक तिन्हींचा थोडा थोडा वाटा घेते: रुपया ना पुरता मोकळा, ना बांधलेला, भांडवलाची दारंही अर्धवट उघडी.

बाहेर पडल्यावर ब्रिटनने जानेवारी १९९३ पर्यंत व्याज ६ टक्क्यांवर आणलं, आणि अर्थव्यवस्था सावरू लागली. मंडेल पुढे युरोपच्या सामायिक चलनाचे मोठे पुरस्कर्ते झाले. १९९९ मध्ये युरो आला, त्याच वर्षी त्यांना नोबेलही मिळालं. युरो घेणाऱ्या देशांनी स्वतःचा व्याजदर सोडून दिला. ब्रिटनने पौंड ठेवला.