देवमाशाचा घोटा

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात उत्क्रांतीचे शरीरशास्त्रीय पुरावे शिकवताना एक आकृती दिली आहे. माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर. वरवर पाहता कशाचा कशाशी मेळ नाही. आत मात्र हाडांची रचना एकच : वर एक जाड हाड, खाली दोन, मग मनगटाची बारीक हाडं, मग बोटं. पोहायच्या परात बोटांची हाडं कशाला, हा प्रश्न एखाद्या चौकस मुलाला पडतोच. त्याच्या उत्तराचा मोठा भाग आपल्याच उपखंडातल्या दगडांतून निघाला आहे, आणि तो मराठी वाचकापर्यंत फारसा पोचलेला नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

देवमासा हा मासा नव्हे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याला कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत. रक्त उष्ण असतं. पिल्लू आईचं दूध पितं. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं, तेव्हा बचावासाठी धावलेले लोक त्याच्या अंगावर पाणी ओतत होते ते कातडी सुकू नये म्हणून. श्वास ते हवेतूनच घेत होतं. ते वाचलं नाही. देवमाशाची पोहण्याची तऱ्हाही वेगळी. मासा अंग डावी-उजवीकडे वळवत पुढे सरकतो, तर देवमासा शेपूट वर-खाली मारतो. भरधाव पळणाऱ्या कुत्र्याचा कणा ज्या दिशेने वाकतो, त्याच दिशेने देवमाशाचाही वाकतो. चार पायांवर धावणाऱ्या पूर्वजांचा कणा त्याने पाण्यात नेला.

त्याच्या शरीराच्या मागच्या भागात, मांसात रुतलेली, कण्याशी कुठेही न सांधलेली दोन हाडं असतात. ती कमरेची हाडं. अवशेषांग म्हणजे निरुपयोगी अवयव, असं सरसकट सांगितलं जातं. ते अपुरं आहे. ही हाडं जननेंद्रियांचे स्नायू धरून ठेवतात, आणि ज्या जातींत माद्यांसाठी नरांमध्ये चुरस जास्त, त्या जातींच्या नरांत ती तुलनेने मोठी असतात, असं २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे त्यांना काम आहे. मूळचं काम तेवढं सुटलं. पाय नसलेल्या प्राण्याच्या पोटात पाय जोडायचं हाड का असावं, याचा उलगडा मात्र पूर्वजांकडे गेल्याशिवाय होत नाही.

गर्भातही तीच खूण सापडते. डॉल्फिनच्या गर्भाला सुरुवातीला मागच्या पायांचे अंकुर फुटतात आणि पुढे जिरून जातात. जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ठिपकेदार डॉल्फिनचे गर्भ तपासून त्याचं कारण दाखवलं : हातपाय घडवणारं ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचं जनुक त्या अंकुरांत कामालाच लागत नाही. त्याच वर्षी जपानमध्ये ताइजीच्या मच्छीमारांना पोटाजवळ परांची जादा जोडी असलेला डॉल्फिन मिळाला. दातांचंही तसंच. निळ्या देवमाशासारख्या जातींना दात नसतात, त्या तोंडातल्या झालरीने अन्न गाळून घेतात. पण त्यांच्या गर्भात दातांचे अंकुर येतात आणि विरघळतात. एनॅमल बनवणारी जनुकंही त्यांच्या डीएनएत आहेत, फक्त मोडकी, निकामी झालेली.

पूर्वज जमिनीवरचा होता, इथवर फारसं दुमत नव्हतं. तो कोण, यावर मात्र जोरदार वाद झाला. दातांच्या ठेवणीवरून जीवाश्मतज्ज्ञांचं मत होतं की देवमासा मेसोनिकिड नावाच्या, आता नष्ट झालेल्या मांसाहारी प्राण्यांपासून आला. प्रयोगशाळेतली माणसं वेगळंच सांगत होती. १९५० सालीच रक्तद्रवाच्या चाचण्यांत देवमासा समखुरी प्राण्यांच्या, म्हणजे गाय, हरीण, डुक्कर यांच्या जवळ जात होता. १९९०च्या दशकात डीएनएची तुलना होऊ लागली आणि सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक निघाला पाणघोडा. जीवाश्मवाल्यांना हे पटेना. दगडातलं हाड डोळ्यांनी दिसतं. रेणूंच्या आकडेमोडीवर विश्वास कसा ठेवायचा?

निकाल लागला तो घोट्याच्या एका हाडावर. नडगीच्या खाली, मुठीत मावेल असं हे हाड असतं. समखुरी प्राण्यांत त्याची दोन्ही टोकं, वरचं आणि खालचं, रहाटाच्या कप्पीसारखी मधोमध खोलगट असतात, त्यामुळे पाय पुढे-मागे सफाईने हलतो. घोडा, कुत्रा, माणूस यांच्या घोट्यात वरच्या टोकाला कमी-अधिक खोबण असते, खालच्या टोकाला तशी नसते. दुहेरी कप्पी ही समखुरी घराण्याची ओळखच. पण आदिम देवमाशांचे घोटेच कुणाच्या हाती लागले नव्हते.

अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ फिलिप गिंगरिच हे मेसोनिकिड मताचे होते. बलुचिस्तानच्या खडकांत त्यांच्या पथकाला सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या दोन देवमाशांचे सांगाडे मिळाले, घोट्यासकट. हाडाला दोन्ही टोकांना कप्पी होती. गिंगरिच यांनी आपलं मत बदललं. त्यांचा शोधनिबंध सप्टेंबर २००१ मध्ये आला. त्याच आठवड्यात थेविसन यांचाही आला. त्यात पाकिस्तानातल्याच पाकिसेटस या, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या लांडग्याएवढ्या चतुष्पाद ‘देवमाशा’चे सांगाडे होते, आणि घोटा तोच. उत्क्रांतीचा पुरावा म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं तर मी हा आठवडा सांगतो. डीएनए वाचणाऱ्यांनी घोटा पाहिलेला नव्हता आणि खडक फोडणारे विरुद्ध बाजूचे होते. तरी उत्तर एकच आलं.

मग नात्यातला जमिनीवरचा प्राणी कोणता? त्याची हाडं आधीच भारतात होती, दगडात बंद. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूच्या राजौरी भागातल्या कालाकोटजवळ जीवाश्मांनी भरलेले खडक गोळा केले होते. १९७१ साली त्यांनी तिथल्या दात आणि जबड्याच्या तुकड्यांवरून एका लहान समखुरी प्राण्याला इंडोहायस असं नाव दिलं. बाकीचे खडक तसेच राहिले. राव यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते सांभाळले आणि पुढे थेविसन यांच्या हवाली केले. प्रयोगशाळेत साफसफाई करताना एक कवटी अपघाताने फुटली आणि कानाचं हाड उघडं पडलं. त्याची आतली कड जाड होती. तशी जाड कड तोपर्यंत फक्त देवमाशांच्या कुळात माहीत होती.

थेविसन, भारतीय जीवाश्मतज्ज्ञ सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली हे प्रसिद्ध केलं. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मांजराहून थोडा मोठा, बारीक पायांचा प्राणी. त्याच्या पायांची हाडं भरीव आणि जड होती, पाण्यात तळाशी पाय टेकून चालणाऱ्या प्राण्यांची असतात तशी. दातांतल्या ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाणही पाण्यातल्या वावराकडेच बोट दाखवतं. याच मोजमापातून आदिम देवमासे आधी गोडं पाणी पीत होते आणि पुढच्या पिढ्या खाऱ्या पाण्यावर गेल्या, हेही कळलं.

कच्छ हे या कथेचं दुसरं ठिकाण. तेव्हा तिथे उथळ समुद्र होता. जीवाश्मतज्ज्ञ अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी १९७०च्या दशकात तिथल्या खडकांतले देवमासे जगापुढे आणले. बाजपेयी आणि थेविसन यांनी २००० साली कच्छिसेटसचं वर्णन केलं. तो लांब मुस्कटाचा, दणकट शेपटीचा, आखूड पायांचा आणि देवमाशांच्या मानाने अगदीच लहान होता. पुढचा टप्पा इजिप्तच्या वाळवंटात, वादी अल हितान इथे दिसतो. तिथला बॅसिलोसॉरस पूर्ण समुद्री, जवळपास १८ मीटर लांब, आणि मागचे पाय जेमतेम ३५ सेंटिमीटर. गुडघा, घोटा, बोटं सगळं जागच्या जागी.

एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी खुलं पत्र लिहून तो पुन्हा पुस्तकात घ्यायची मागणी केली. ती रास्तच होती. अकरावीला जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलांना हा विषय पुन्हा भेटत नाही. ज्या देशातल्या कालाकोटचे आणि कच्छचे दगड जगभरच्या संशोधकांनी अभ्यासले, तिथल्या मुलांना ते ठाऊकच नसावेत, हे मला सहन होत नाही.

देवमाशांच्या कुळाचा पुढचा प्रवास अजून उलगडतो आहे. पेरूच्या किनाऱ्यावर २०११ साली सुमारे ४ मीटर लांबीच्या चतुष्पाद देवमाशाचा सांगाडा मिळाला. त्याचं वर्णन २०१९ साली प्रसिद्ध झालं. वय सुमारे ४ कोटी २६ लाख वर्षं. तो पाण्यात उत्तम पोहत असणार, पण जमिनीवर उभाही राहू शकत होता, आणि बोटांच्या टोकांशी लहान खुरांच्या खुणा होत्या. भारत-पाकिस्तानच्या किनाऱ्यांवरून हे प्राणी आफ्रिकेच्या पश्चिम टोकापर्यंत पसरले आणि तिथून तेव्हा आजच्यापेक्षा अरुंद असलेला दक्षिण अटलांटिक पोहून गेले, असा संशोधकांचा कयास आहे.