परक्या नाण्यांचा बट्टा

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडे, दापोली तालुक्यात, भारजा नदी जेथे समुद्राला मिळते तेथे वसलेले केळशी हे गाव महालक्ष्मीच्या देवळासाठी, याकूतबाबांच्या दर्ग्यासाठी आणि खाडीच्या मुखाशी उभ्या असलेल्या वाळूच्या उंच टेकडीसाठी ओळखले जाते. परंतु परमुलखात पाडलेले नाणे खिशात घेऊन माणूस किनाऱ्यावर उतरला, तर त्या नाण्याचे पुढे काय होते, या प्रश्नाचा निदान पाचशे वर्षांचा इतिहासही केळशी ते दाभोळ या किनारपट्टीशी जोडलेला आहे. आखातातून सुटीवर आलेल्या माणसाकडचे दिऱ्हम आणि फिल्स बँकेच्या खिडकीवरून तसेच परत येतात, हा त्या इतिहासाचा सर्वांत अलीकडचा आणि बहुधा सर्वांत निरुत्साही अध्याय होय.

केळशीच्या दक्षिणेस असलेले दाभोळ हे बहमनी आणि पुढे आदिलशाही अमलात मोठे बंदर होते, आणि होर्मुझ व इराणी आखाताशी चालणाऱ्या घोड्यांच्या व कापडाच्या व्यापारातून तेथे तऱ्हेतऱ्हेचे परके चलन येत असे. त्या व्यापारात ‘लारी’ नावाचे एक चमत्कारिक नाणे चालत असे. इराणातील लार या प्रांतावरून नाव मिळालेले हे नाणे वाटोळे नसून चांदीची जाड तार मधोमध दुमडून आणि तिच्यावर ठसा मारून केलेले असे. हे परके नाणे पश्चिम किनाऱ्यावर इतके रुळले, की विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने (कारकीर्द १६५६ ते १६७२) आपल्या नावाच्या लाऱ्या पाडविल्या. परकीय नाणे नाकारण्याऐवजी राज्यकर्त्यानेच त्याची घडण उचलावी, हे आजच्या बँक अधिकाऱ्याला नवलाचे वाटेल. पण त्या काळच्या सराफाला त्यात काही विशेष वाटले नसावे, कारण त्याच्या लेखी नाणे म्हणजे ठसा मारलेली चांदी होती आणि चांदीला मुलूख नसतो.

याच समजुतीवर मराठेशाहीतील नाणेबदलाची सारी व्यवस्था उभी होती. चांदवडी, अंकुशी असे अनेक प्रकारचे रुपये एकाच बाजारात फिरत असत. पोतदार, म्हणजे नाण्याचा कस आणि वजन पारखणारा अधिकारी, त्यांची प्रतवारी करी, आणि हलक्या नाण्याच्या मोबदल्यात जी वजावट केली जाई तिला बट्टा म्हणत. सराफ बट्टा जबर लावी आणि गिऱ्हाईक कुरकुरत असे, तरी नाणे परत जात नसे. सोन्याच्या बाबतीत तर परके नाणे अलंकार होऊन गळ्यात आले: व्हेनिसच्या डुकाट या साडेतीन ग्रॅमच्या नाण्यांवरील मानवाकृतींमुळे त्यांना पुतळ्या म्हटले गेले आणि त्यांची माळ मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरविला, आणि पोतदाराची गरज हळूहळू ओसरली.

केळशीच्या त्या वाळूच्या टेकडीने नाण्यांची आणखी एक गत दाखवून दिली आहे. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी या टेकडीचा अभ्यास केला. तिच्या थरांत जुनी नाणी, खापरे आणि मानवी अस्थी असे वस्तीचे अवशेष मिळाले, आणि पुढील संशोधकांनी त्यांतील शंखशिंपल्यांच्या थराचा संबंध १५२४ मधील त्सुनामीशी जोडला. वास्को द गामाचे आरमार त्याच वर्षी या किनाऱ्याजवळ असताना समुद्र खवळल्याची पोर्तुगीज नोंद प्रसिद्धच आहे. (अशा ठिकाणी कोणाला नाणी सापडली, तर सराफाकडे नेण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे, की १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.)

विसाव्या शतकात नाण्यातील धातूची किंमत आणि त्यावर छापलेली किंमत यांची फारकत झाली. अशा नाण्याला सांकेतिक नाणे म्हणतात, आणि ज्या सरकारने ते पाडले त्याच्या हद्दीबाहेर ते जवळजवळ निर्मूल्य ठरते. या बदलाचा आखाताशी संबंधित भाग कोकणासाठी विशेष महत्त्वाचा आहे, कारण स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे कुवेत, बहरीन, कतार, दुबई आणि ओमान येथे भारतीय रुपयाच चालत होता आणि तेथे गेलेल्या कोकणी खलाशाला वा कारागिराला चलन बदलण्याचा प्रश्नच पडत नव्हता. सोन्याच्या तस्करीतून आखातात गेलेले रुपये परत येऊन भारताच्या स्टर्लिंग गंगाजळीवर ताण आणू लागले, तेव्हा १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने केवळ आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, क्रमांकाआधी ‘झेड’ हे अक्षर असलेल्या नोटा काढल्या. त्या भारतात चालत नसत. नाणी मात्र वेगळी पाडली गेली नाहीत, आणि त्यामागचे कारण उघड आहे: चिल्लर भरून सोने आणण्याइतका खुळा तस्कर कोण असणार? कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचे दिनार काढले. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, तेव्हा कतार आणि दुबईनेही रुपया सोडला. ओमानने १९७० मध्ये तोच मार्ग धरला, आणि १९७३ च्या मे महिन्यात संयुक्त अरब अमिरातीचा दिऱ्हम आला. कोकणातून आखाती नोकरीसाठी जाणाऱ्यांची मोठी लाट तेलाचे भाव चढल्यावर, म्हणजे यानंतर आली, आणि तिच्या वाट्याला परके नाणे आले.

आता कायद्याकडे वळले, तर एक अनपेक्षित गोष्ट आढळते. परकीय चलन बाळगण्याविषयीच्या नियमांनुसार भारतातील रहिवाशाला परकीय नोटा दोन हजार डॉलरच्या मोलापर्यंतच ठेवून घेता येतात, परंतु परकीय नाण्यांना कोणतीही मर्यादा नाही; आणि रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत अधिकृत चलन विनिमयकारांना नोटांप्रमाणेच नाणी विकत घेण्याचीही मोकळीक आहे. तेव्हा नकार कायद्याचा नाही, तो वजनाचा आहे. एक दिऱ्हमचे नाणे सुमारे सहा ग्रॅमचे असते, म्हणून शंभर दिऱ्हमची नाणी सहाशे ग्रॅम भरतात, तर शंभर दिऱ्हमची नोट जेमतेम ग्रॅमभर. विकत घेतलेले परकीय चलन शेवटी त्याच्या मायदेशी परत पाठवावे लागते. नाण्यांची देशवार छाननी, मोजणी, विमानभाडे आणि विमा यांचा खर्च त्यांच्या मोलाला गिळून टाकतो. परक्या नाण्यांचे राहू द्या: शिर्डीच्या साईबाबा संस्थानात दानात येणारी भारतीय नाणीसुद्धा ठेवायला जागा नाही, असे २०२३ मध्ये तेथील बँका सांगत होत्या.

मग ही नाणी जातात कोठे? गावातून आखातात निघालेल्या पुढच्या माणसाच्या हाती ती देणे हाच सर्वांत सोपा आणि बिनबट्ट्याचा मार्ग आहे. काही विमान कंपन्या युनिसेफसाठी १९८७ पासून प्रवाशांची उरलेली मोड पाकिटात गोळा करतात. चलनातून बाद झालेल्या नाण्यांचे नियम देशागणिक बदलतात: जर्मनीची मध्यवर्ती बँक जुन्या मार्कची नाणी आजही मुदतीविना बदलून देते, तर फ्रान्सच्या जुन्या फ्रँकच्या नाण्यांची मुदत २००५ मध्येच संपली. सौदी अरेबियाने २०१८ पासून एक रियालची नोट मागे घेऊन तिच्या जागी नाणे आणल्यामुळे हज आणि उमराहून परतणाऱ्यांच्या सामानात नाण्यांची भर पडणार, हेही उघड आहे.

सराफाचा बट्टा जाचक होता, पण तो सांगितलेला दर होता. आजचा नकार म्हणजे न सांगितलेला शंभर टक्के बट्टाच. परकीय नाणी विकत घेण्यास मुभा असलेल्या विनिमयकारांनी, निदान मुंबई विमानतळावरील खिडक्यांवर, दिऱ्हम, रियाल आणि दिनार यांच्या नाण्यांसाठी वजावटीचा दर, तो कितीही कडक असो, नोटांच्या दराशेजारी फलकावर लावावा, कारण तीच नाणी आखाताकडे निघालेल्या प्रवाशाला त्याच खिडकीतून विकता येतात आणि त्यासाठी ती परदेशी पाठविण्याचा खर्च येत नाही.