नीरेचा गळ समुद्रात का चालत नाही?

कळंबकडे नीरा नदीच्या काठी चिलापी धरायला बांबूची काठी, तंगूस आणि गांडूळ एवढं पुरतं. कोकणात होडीतून किनाऱ्याजवळ सुरमई किंवा तांब धरायची, तर सामान बदलावं लागतं.

होडीत जागा कमी असते, म्हणून रॉड साडेसहा-सात फुटांचा, मध्यम ताकदीचा घ्यावा. लांब रॉड काठावरून फेकायला बरा, होडीत तो शेजाऱ्याच्या टोपीत अडकतो. होडीतल्या आखूड रॉडला 4000 ते 5000 नंबरचं स्पिनिंग रीळ आणि 20 ते 30 पौंड ताकदीची विणलेली दोरी जुळते. सुरमईचे दात दोरी कापतात, म्हणून गळाच्या आधी वीतभर तार लावावी.

रीळ घेताना ड्रॅग पाहावा. मासा जोरात ओढू लागला की दोरी सोडणारा हा ब्रेक असतो. दोरीच्या ताकदीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर तो बसवावा. दोरी हाताने ओढून पाहा. ती झटके न देता सुटली पाहिजे.

खारं पाणी रिळाचा शत्रू आहे. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून रीळ गोड्या पाण्याने हलकेच धुवावं, पुसावं आणि मग ड्रॅग सैल करून ठेवावं. महागडं रीळ न धुता ठेवण्यापेक्षा साधं रीळ धुऊन वापरलेलं बरं.